अर्ध्या इंचाची गोष्ट

रेल्वेच्या संग्रहालयात मुलांची सहल नेली की एक प्रश्न हमखास येतो : "सर, हे इंजिन आता सुरू होईल का?" दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात (स्थापना १९७७) जुनी इंजिने रंगरंगोटी करून ओळीने उभी आहेत. मुले त्यांच्याभोवती फिरतात, चाकांची उंची स्वतःच्या उंचीशी ताडून पाहतात आणि मग हा प्रश्न विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधे नाही. इंजिनाचे लोखंड जपणे ही एक गोष्ट आणि ते चालवण्याची विद्या जपणे ही दुसरी. पहिली गोष्ट रंग, वंगण आणि डोक्यावरचे छप्पर यांनी साधते. दुसरी कशाने साधते?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण ब्रिटनमधील वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, टाउइन या गावी जाऊ. तेथील टॅलीलिन रेल्वे १९५१ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. स्वयंसेवकांनी वाचवून चालती ठेवलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते. तिच्या टाउइन व्हार्फ स्थानकातच अरुंद रुळांच्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. तेथे पाहण्यासारखे बरेच आहे. परंतु खरे संग्रहालय त्याच्या दारातून, वाफ सोडत, बाहेर पडते.

कापूस, पाटी आणि रेल्वे

या रेल्वेचा जन्म एका अर्थाने कापसामुळे झाला, आणि तेथे तिचा धागा आपल्याशी जुळतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. मँचेस्टरच्या गिरण्या अडचणीत आल्या. त्याच वेळी खानदेश-वऱ्हाडातील कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. हा इतिहास आपण शाळेत शिकवतो. पण त्याच टंचाईची दुसरी बाजू मँचेस्टरला होती. तेथील मॅकॉनेल या गिरणीमालक घराण्याने आपला पैसा दुसऱ्या धंद्यात घालायचे ठरवले. वेल्सच्या डोंगरातील ब्रिन एग्लुइस येथील पाटीच्या दगडाची खाण त्यांनी घेतली. हा दगड थराथराने सुटतो. त्यापासून घरांवर घालायची पातळ कौले होतात, आणि आपल्या ओळखीची शाळेची पाटीही होते.

खाण डोंगरात आणि मोठी रेल्वे किनाऱ्यावर. दोन्हींना जोडण्यासाठी १८६५ मध्ये संसदेच्या कायद्याने टॅलीलिन रेल्वे उभी राहिली. तिच्या दोन रुळांमधील अंतर केवळ दोन फूट तीन इंच, म्हणजे सुमारे ६८६ मिलिमीटर. अभियंता होते जेम्स स्विंटन स्पूनर. इंजिने दोनच, दोन्ही व्हाइटहेवन येथील फ्लेचर जेनिंग्ज कंपनीची : 'टॅलीलिन' (१८६४) आणि 'डॉलगॉख' (१८६६).

प्रवासी वाहतुकीला परवानगी देण्यापूर्वी १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन हेन्री टायलर तपासणीला आले. त्यांना दोन दोष दिसले. पहिला पुलांचा. रुळांवरून जाणाऱ्या पुलांची रुंदी इतकी कमी होती, की डब्याच्या दोन्ही बाजूंना नियमाप्रमाणे मोकळी जागा उरत नव्हती. गाडी पुलाखाली अडली तर दार उघडून उतरणार कसे? पूल पाडून पुन्हा बांधणे परवडणारे नव्हते. म्हणून डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद केली आणि पुलाखालचे रूळ थोडे त्याच बाजूला सरकवले. दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा झाली. त्या जुन्या डब्यांना आजही एकाच बाजूने दारे आहेत.

दुसरा दोष इंजिनांचा. 'टॅलीलिन'ची चाके एकमेकांजवळ होती आणि इंजिनाचा भार मागे-पुढे चाकांबाहेर गेलेला होता. त्यामुळे ते पाळण्यासारखे वर-खाली डुलत असे. त्याला मागे आणखी एक चाकांची जोडी बसवावी लागली. 'डॉलगॉख'ची मागची चाके तर भट्टीच्याही मागे होती. चाकांच्या दोन जोड्यांमधील अंतर लांबलचक. ते वर-खाली होत नसे, पण डावी-उजवीकडे हलत असे. या लांब अंतराची आठवण ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वारस कोण?

१९११ मध्ये ही खाण आणि रेल्वे हेन्री हेडन जोन्स यांनी घेतली. ते तेथील संसद सदस्य होते. खाणीत पैसा उरला नव्हता, तरी आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल असा शब्द त्यांनी दिला होता. १९४६ च्या अखेरीस दरड कोसळून खाण बंद पडली. १९४८ मध्ये ब्रिटनच्या बहुतेक सर्व रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, पण ही चिमुकली रेल्वे त्या यादीत नव्हती. रूळ गवतात बुडालेले, स्लीपर कुजलेले, अशा अवस्थेत ती धावत राहिली. जुलै १९५० मध्ये हेडन जोन्स वारले.

आता रेल्वे भंगारात जाणार हे उघड दिसत होते. तेव्हा एल. टी. सी. रोल्ट हे अभियंता-लेखक पुढे आले. ब्रिटनमधील जुने कालवे वाचवण्याच्या चळवळीत ते आघाडीवर होते. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांनी सभा बोलावली. कोणीतरी रेल्वे चालवावी, अशी मागणी तेथे झाली नाही. ती आपण चालवावी, असे ठरले. हौशी माणसांनी सार्वजनिक रेल्वे चालवायची ही कल्पना तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटली असेल. परंतु १४ मे १९५१ रोजी पहिली गाडी टाउइनहून रिडीरोनेनपर्यंत गेली. 'टॅलीलिन' तेव्हा नादुरुस्त होते. साऱ्या उपक्रमाचा भार ८५ वर्षांच्या 'डॉलगॉख'वर होता. ते बंद पडले असते तर सगळेच संपले असते.

रूळ रुंद का होते?

म्हणून आणखी इंजिने हवी होती, आणि ती शेजारीच मिळाली. जवळच्याच कॉरिस रेल्वेचे रूळ नेमके याच मापाचे, दोन फूट तीन इंचांचे होते. ती १९४८ मध्ये बंद पडली होती. तिची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली गेली. कागदावर सारे जुळत होते. इंजिनांचे माप तेच, रुळांचे माप तेच.

परंतु त्यांपैकी १८७८ सालचे इंजिन रुळांवर आणताच वारंवार घसरू लागले. रूळ मोजून पाहिले, तेव्हा त्यांतील अंतर अधिकृत मापापेक्षा सुमारे अर्धा इंच जास्त निघाले. हा रूळ टाकणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हता. जुनी कंपनी रूळ मुद्दामच रुंद ठेवत असे, आणि त्याचे कारण 'डॉलगॉख' होते.

हे वर्गात सहज दाखवता येते. कागदावर एकाच केंद्राभोवती दोन कंस काढा. त्यांमधील अंतर म्हणजे रुळांमधील जागा. आता पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या. रुंदी सारखी, पण एक आखूड आणि एक लांब. आखूड पट्टी दोन कंसांमध्ये सहज बसते. लांब पट्टीची टोके बाहेरच्या कंसाला टेकतात आणि मधला भाग आतल्या कंसावर चढतो. ती बसवायची तर कंसांमधील अंतर वाढवावे लागते. 'डॉलगॉख' ही लांब पट्टी होती. वळणावर ते अडकू नये म्हणून रूळ अर्धा इंच सैल ठेवले गेले. दोन्ही जुन्या इंजिनांच्या चाकांची धाव रुंद होती, म्हणून ती या सैल रुळांतही खाली पडत नसत. कॉरिसच्या इंजिनाची धाव अरुंद होती. ते दोन रुळांच्या मध्ये घसरत असे.

आम्हांला या घटनेत इतिहासाचा मोठा धडा दिसतो. कायदा सांगत होता दोन फूट तीन इंच. नकाशे तेच सांगत होते. खरे माप रुळांत होते आणि ते रूळ घालणाऱ्या हातांत होते. जुने यंत्र चालवून पाहिले, म्हणून तो अर्धा इंच पुन्हा समजला. इंजिन काचेआड उभे केले असते, तर ते रुळांवरून कधीच घसरले नसते, आणि आपणही काही शिकलो नसतो.

स्वयंसेवकाचा दिवस

आता अशा रेल्वेवरील एका दिवसाबरोबर चालून पाहू. गाडी सुटते सकाळी उशिरा, पण इंजिनावरील माणसांचा दिवस पहाटे सुरू होतो. येथे येणारे स्वयंसेवक नाना व्यवसायांतले असतात आणि सुटीचे दिवस येथे घालवतात. पेंड्रे येथील शेडमध्ये इंजिन थंड उभे असते. फायरमन प्रथम काडी ओढत नाही. तो प्रथम काचनळीत पाणी पाहतो. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी ही नळी म्हणजे इंजिनाची नाडी. मग तो भट्टीत डोकावून छत तपासतो, कालची राख काढतो, धुराड्याखालच्या पेटीतील काजळी उपसतो. त्यानंतर तेलात भिजवलेल्या चिंध्या, लाकडे आणि वर थोडा कोळसा, असा जाळ धरतो.

वाफ तयार व्हायला काही तास लागतात. घाई केलेली चालत नाही. अनेक जुन्या इंजिनांची भट्टी तांब्याची आणि भोवतीचे कवच पोलादाचे असते. सारख्याच तापमानवाढीने तांबे पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. जाळ एकदम वाढवला तर सांधे ताणले जातात आणि गळू लागतात. त्या वेळात तेल घालणे आणि पुसणे चालते. नव्या स्वयंसेवकाची भरती याच कामावर होते. हे काम कमी प्रतीचे म्हणून त्याला दिलेले नसते. चिंधी घेऊन प्रत्येक दांडा पुसणाऱ्यालाच सैल झालेली खीळ आणि केसासारखी चीर प्रथम दिसते. पुसणारा, मग शिकाऊ फायरमन, मग फायरमन, मग ड्रायव्हर, अशा पायऱ्या असतात. त्या चढायला वर्षे लागतात आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी जाणता माणूस शेजारी उभा असतो.

बॉयलरचे शास्त्र आपल्या कुकरचेच आहे. घरच्या कुकरमध्ये दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाणी १२० अंश सेल्सिअसला उकळते. दाब दहा वातावरणांएवढा असेल तर ते १८० अंशांना उकळते. कुकरला शिट्टी आणि सुरक्षा झडप असते, तशी इंजिनालाही झडप असते. शिवाय भट्टीच्या छतात शिशाची गुडदी बसवलेली असते. पाणी कमी होऊन छत उघडे पडले, तर शिसे ३२७ अंशांना वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याचा इशारा देते. ही वेळ येणे म्हणजे फायरमनची नामुष्की.

पाणी कमी होऊ नये म्हणून चालत्या इंजिनात ते भरावे लागते. हे काम करणारा इंजेक्टर १८५८ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने शोधला. त्यात एक कोडे आहे. बॉयलरमधील वाफच त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध पाणी ढकलते. हे कसे? निमुळत्या तोंडातून वाफ प्रचंड वेगाने सुटते, थंड पाण्यात मिसळून तिचे पाणी होते आणि आपला संवेग ती त्या पाण्याला देते. पुढे नळी रुंद होत जाते, पाण्याचा वेग कमी होतो आणि त्याचा दाब बॉयलरपेक्षाही वाढतो. पण टाकीतील पाणी गरम झाले असेल तर वाफ नीट निवत नाही आणि इंजेक्टर रुसतो. तो लागला की बिघडला हे फायरमन आवाजावरून ओळखतो. तो आवाज कोणत्याही पुस्तकात ऐकू येत नाही.

गाडी निघते. मार्ग एकेरी असल्याने त्या टप्प्याचे टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नाही. टाउइनपासून नांट ग्वेर्नोलपर्यंत मार्ग सव्वासात मैल, म्हणजे सुमारे साडेअकरा किलोमीटर आहे. शेवटचा टप्पा १९७६ मध्ये प्रवाशांसाठी उघडला. गाडी दरीतून वर चढत जाते. वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते, तेव्हा ती भट्टीतली हवा ओढते. इंजिनावर जितका भार जास्त, तितका आगीला वारा जास्त. फायरमनची नजर धुरावर असते. धूर काळाकुट्ट आला तर हवा कमी पडते आहे. धूर मुळीच दिसला नाही तर कोळशाचा थर पातळ होऊन नको तितकी थंड हवा आत येत असावी. फिका राखाडी धूर म्हणजे जमले. काचनळीही जशीच्या तशी वाचून चालत नाही. धुराडे पुढे असताना चढावर पाणी मागे सरते आणि नळीत ते आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पुढे सपाटी किंवा उतार आला की ते एकदम खाली जाते. म्हणून फायरमनला समोरच्या रुळांइतकाच पुढचा अर्धा मैलही ठाऊक असावा लागतो.

डॉलगॉख येथे विटांच्या तीन कमानींचा, सुमारे ५१ फूट उंचीचा पूल ओलांडून गाडी थांबते आणि इंजिन पाणी पिते. गार्डचे काम या अवधीत सुरूच असते. ब्रेक, दारे, मोजणी, हिरवे निशाण. हे काम वरकरणी सोपे दिसते. 'थॉमस' या इंजिनाच्या बालकथा लिहिणारे पाद्री विल्बर्ट ऑड्री १९५२ मध्ये येथे स्वयंसेवक म्हणून गार्ड झाले होते. एकदा ॲबरगिनॉल्विन स्थानकात खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईंना मागेच विसरून त्यांनी गाडी सोडली. पुढे या प्रसंगाची त्यांनी गोष्टच केली. टाउइनच्या संग्रहालयात आज त्यांची अभ्यासिका मांडून ठेवली आहे.

संध्याकाळी इंजिन शेडमध्ये परतते. बॉयलर पाण्याने भरून घ्यायचा, आग विझत आणायची, हवेची वाट बंद करायची, म्हणजे धातू रात्रभर हळूहळू निवेल. जसे तापवले तसेच निववायचे. हात धुऊन माणसे घरी जातात, पण नखांतील काजळी दोन दिवस निघत नाही.

हातांतले ज्ञान

विज्ञानात काम करणाऱ्यांना हे अपरिचित नाही. मायकेल पोलान्यी हे रसायनशास्त्रज्ञ १९३३ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक म्हणून आले आणि पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. माणसाला जे येते त्यातील बराच भाग त्याला शब्दांत सांगता येत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. या ज्ञानाला आपण मूक ज्ञान म्हणू. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी एका प्रकारच्या लेसरचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ छापील शोधनिबंध वाचून कोणत्याच प्रयोगशाळेला तो लेसर चालू करता आला नव्हता. ज्यांना जमला त्यांचा, ज्यांच्याकडे तो आधीच चालत होता त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. आमच्या प्रयोगशाळांतही नवा विद्यार्थी उपकरणाची पुस्तिका वाचतो आणि मग शेजारच्याला विचारतो, "हे तुम्ही कसे करता?" स्वयंपाकघरात कणीक किती सैल भिजवायची हे वाटी-चमच्यांच्या मापाने शिकवता येत नाही, तसेच हे.

म्हणून मूक ज्ञानाचे संग्रहालय कपाटात करता येत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे, काम करता करताच जाते. एक पिढी चुकली की साखळी तुटते.

झिजवावे की जपावे?

याला एक गंभीर आक्षेप आहे. चालवलेले यंत्र झिजते. भाग बदलावे लागतात. 'टॅलीलिन' आणि 'डॉलगॉख' या दोघांचीही मोठी पुनर्बांधणी झालेली आहे. मग जे धावते ते १८६०च्या दशकातले इंजिन म्हणावे का? शिवाय प्रत्येक बदललेल्या भागाबरोबर जुन्या कारागिराच्या हातोडीची खूण, म्हणजे इतिहासाचा पुरावा नाहीसा होतो. हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो. स्टीफन्सन यांचे १८२९ सालचे 'रॉकेट' आज कोणी पेटवत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याची चालती प्रतिकृती मात्र १९७९ मध्ये तयार झाली. मूळ धातू मूळ पुराव्यासाठी, प्रतिकृती विद्येसाठी, अशी वाटणी तेथे झाली. लोखंड आणि विद्या या दोन वेगळ्या वारशांना दोन वेगळे उपाय लागतात, आणि एकाची काळजी घेतली म्हणजे दुसऱ्याची घेतली असे होत नाही.

या विद्येपुढे आता नवी अडचण आहे. वेल्समधील फॉस-ई-फ्रान ही मोठी कोळसा खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. कोळशावर चालणारे ब्रिटनमधील शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. हवामानाचा विचार करता हे स्वागतार्हच आहे. पण ज्या कोळशाच्या धुराची भाषा पिढ्यांनी शिकली, तो दुर्मीळ झाला. आता आयात कोळसा आणि भुकटीपासून दाबून केलेल्या विटा जाळून पाहिल्या जात आहेत. त्यांचा जाळ वेगळा, राख वेगळी, धूर वेगळा. जाणत्या फायरमनलाही पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. शिकण्याची सवय शाबूत आहे, म्हणूनच हे शक्य होते.

जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात ब्रिन एग्लुइसची खाण आहे आणि टॅलीलिन रेल्वेही आहे.

आणि आपल्याकडे? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. भारतात मोठ्या मापाच्या रुळांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज साठीकडे झुकलेला आहे. भुसावळ, दौंड, मिरज, कुर्डुवाडी अशा रेल्वेच्या गावांतील शिक्षकांना अशी माणसे शाळेच्या शेजारीच भेटू शकतील. मुलांना त्यांच्याकडे पाठवावे. इंजिनाचे नाव, क्रमांक आणि साल नंतर विचारले तरी चालेल, ते कागदांत सापडते. आधी हे विचारावे : आजोबा, पाणी कमी झाले हे तुम्हांला कसे कळत असे? फावडे कसे धरत होता? पावसात चाके घसरली तर काय करत होता? ते बहुधा उत्तर देताना उठून उभे राहतील आणि हातांनी करून दाखवतील. ते हात नीट पाहावेत. तो अर्धा इंच तेथे असतो.